जगबुडीची कथा लिहिताना: इंदूरच्या एका गल्लीवरून केलेली मांडणी

जगाच्या अंताची कथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा आकाशापासून आरंभ करतो. क्षितिजावर ज्वाळा उठतात, समुद्र खवळतो, इमारती कोसळतात आणि दुसऱ्या पानावर कोट्यवधी माणसे मरून गेलेली असतात. इंदूरमध्ये मराठीतून लिहिणाऱ्या तरुण मंडळींच्या अशा कथा मी आवडीने वाचत आलो आहे आणि त्यांत कल्पनाशक्तीची उणीव मला क्वचितच दिसली. उणीव असते ती क्रमाची. आधी काय थांबते, ते थांबल्यामुळे पुढे काय थांबते आणि सगळे संपत आले तरी काय चालू राहते, हा हिशोब लेखकाने मनाशी मांडलेला नसतो, त्यामुळे वाचक भव्य वर्णने वाचतो, पण त्याच्या पोटात भीतीचा गोळा काही उठत नाही. हा हिशोब कसा मांडावा, ते पुढे आपल्याच शहराच्या आधाराने सांगतो.

केवढा अंत हवा?

पहिला निर्णय आकाराचा आहे. आपल्या परंपरेने या बाबतीत फार नेमका विचार केलेला आहे आणि मराठी लेखकाने त्याचा आधार न घेणे हा करंटेपणा ठरेल. पुराणांनी प्रलयाचे नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक असे प्रकार सांगितले. समर्थांनी दासबोधाच्या दहाव्या दशकात पाच प्रलयांचे निरूपण केले आहे. त्यांपैकी दोन पिंडातले, म्हणजे झोप आणि मरण. दोन ब्रह्मांडातले, म्हणजे ब्रह्मदेवाची झोप आणि ब्रह्मदेवाचा मृत्यू. आणि पाचवा विवेकाने होणारा. या मांडणीत एका माणसाचे मरण आणि अवघ्या सृष्टीचा लय एकाच यादीत शेजारी शेजारी बसतात. कथा लिहिणाऱ्याला नेमके हेच साधायचे असते. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा मानला आहे. तेवढ्या काळावर कथा उभी राहत नाही, कारण तेथे बोलायला माणूसच नसतो. म्हणून अंत कितीही मोठा योजला तरी तो ज्या घरातून दिसतो ते घर लहान ठेवावे. एक गल्ली, एक कुटुंब आणि आठ-दहा दिवस एवढे क्षेत्र पहिल्या कथेला पुरे आहे.

समर्थांकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. तेराव्या दशकात त्यांनी सृष्टीच्या संहाराचे वर्णन केले आहे: शंभर वर्षे पाऊस पडत नाही, सूर्य बारा कळांनी तापतो, पृथ्वी भाजून निघते, मग प्रचंड वृष्टी होऊन सारे जलमय होते, ते पाणी अग्नी आटवतो, अग्नी वायूत विझतो आणि वायू आकाशात विरतो. येथे हाहाकाराचे विशेषण एकही नसते तरी चालले असते, इतका तो क्रम स्वतःच भयंकर आहे.

कारणाची निवड

कारण निवडताना आपले शहर कोठे आहे ते विसरू नये. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. समुद्राची लाट राजवाड्यापर्यंत आणली तर एकही जाणता वाचक तुमच्याबरोबर पुढे येणार नाही. साथीचा रोग चालेल, परंतु करोनाकाळातला अनुभव सर्वांच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यावर नवे काही सांगण्यासाठी लेखकाची तयारी मोठी हवी. अवकाशातून येणारा दगड हे आकर्षक कारण आहे. तो घेतला तर निदान प्रकाश आधी आणि आवाज नंतर, हे भान ठेवावे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे वीस मीटर व्यासाचा पाषाण फुटला, तेव्हा लोक लखलखाट पाहायला खिडक्यांपाशी गेले आणि दोन मिनिटांहून अधिक काळाने आलेल्या हवेच्या धक्क्याने काचा फुटून जखमी झाले. जखमींची संख्या दीड हजारांच्या आसपास होती. त्या दोन मिनिटांत एक संपूर्ण प्रसंग बसतो.

येथे नमुन्यासाठी मी सौर वादळ, म्हणजे सूर्यावरून सुटून पृथ्वीवर आदळणारा विद्युतभारित कणांचा लोट, घेतो, कारण त्यात कोणीही मरत नाही आणि तरीही सगळे थांबते. १८५९ च्या सप्टेंबरात आलेल्या वादळाने तारयंत्रे बिघडली, काही ठिकाणी तार पाठवणाऱ्यांना विजेचे झटके बसले आणि काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवल्यावरही संदेश जात राहिले. १८७२ च्या फेब्रुवारीतल्या वादळात तर मुंबईसारख्या दक्षिणेकडच्या शहरातून ध्रुवीय प्रकाश, म्हणजे एरवी ध्रुवांजवळ आकाशात दिसणारा रंगीत उजेड, दिसल्याची नोंद आहे. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास गेली होती. आता प्रामाणिकपणाचा भाग असा की अशा वादळाचा फटका ध्रुवांजवळच्या प्रदेशांना अधिक बसतो आणि विषुववृत्ताकडे कमी होत जातो. म्हणून माळव्यात ग्रिड, म्हणजे वीजवहनाचे जाळे, कोसळवायची असेल तर कथेतले वादळ १८५९ च्या वादळाहून मोठे आहे, हे एखाद्या वाक्यात कबूल करून टाकावे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या पात्राच्या तोंडी ते वाक्य घालता येईल. कारणाबद्दल याहून अधिक बोलू नये. जगबुडीच्या कथेत कारणाला एक पान आणि परिणामांना उरलेली सर्व पाने, हे प्रमाण मला योग्य वाटते.

थांबण्याचा क्रम

आता खरे काम. एक वही घ्या आणि आपल्या घरात दिवसभर जे जे आपोआप होते ते लिहून काढा. मग प्रत्येक गोष्टीसमोर ती कशावर अवलंबून आहे ते लिहा. इंदूरच्या घरासाठी ही यादी पाण्यापासून सुरू होते. आपल्या नळाला येणारे पाणी मुख्यतः नर्मदेचे आहे. ते सुमारे ७० किलोमीटरवरच्या, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने विंध्याचा चढ चढून शहरात येते. १९७८ साली ही योजना सुरू झाली तेव्हापासून शहर वाढत गेले ते या पंपांच्या भरवशावर. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ असे ज्या माळव्याबद्दल म्हटले जाते, त्यातल्या सर्वांत मोठ्या शहराचे पाणी विजेच्या तारेवर टांगलेले आहे, ही वस्तुस्थिती कथाकाराच्या दृष्टीने सोन्याची खाण आहे.

वीज जाते त्या क्षणी पाणी जात नाही. गच्चीवरची टाकी भरलेली असते, वस्तीच्या उंच टाकीत एखाद्या वेळचा साठा असतो, आणि बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआडच येत असल्याने पहिला दिवस कोणाला काही कळतच नाही. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तास तग धरतात. त्यामुळे पहिल्या रात्री सगळे जण एकमेकांना लाल आकाशाचे फोटो पाठवत असतात, आणि पहाटेपर्यंत फोन मुका होतो. तो मुका झाला की पैशांचे व्यवहार अडतात, कारण भाजीवाल्यापासून सराफ्यातल्या जिलबीवाल्यापर्यंत सर्वांचे पैसे फोनमधून फिरत असतात आणि घरात रोख रक्कम फारशी उरलेली नसते. पेट्रोल पंपाखालच्या टाकीत पेट्रोल असते, पण ते वर ओढायला वीज नसते. रुग्णालयांची जनरेटर डिझेलवर चालतात; ते डिझेल पुन्हा त्याच पंपांतून यायचे असते. अशी एक एक कडी जोडत जावे. प्रत्येक कडीला एक तारीख, शक्य असेल तर एक वेळ द्यावी.

या यादीत ऋतूची नोंद अवश्य करावी. ऑगस्टातली कथा आणि मे महिन्यातली कथा या दोन वेगळ्या कथा आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पुष्कळ घरांत वर्षाचे गहू भरून झालेले असतात. म्हणजे कोठीत धान्य आहे, ते निवडलेले आहे, त्यात पारद किंवा कडुलिंबाचा पाला घातलेला आहे, आणि चक्की बंद असल्यामुळे पीठ मात्र नाही. मग माळ्यावरचे किंवा परसातले आजेसासूबाईंचे जाते आठवते. ते खाली उतरवायला दोन माणसे लागतात. खुंटा सैल झालेला असतो, त्याला चिंधी गुंडाळून बसवतात. पण इतक्या वर्षांत त्या जात्याला टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीने त्याच्या दगडावर नव्याने टाचे पाडलेले, नसते, तळीचा दगड गुळगुळीत झालेला असतो, आणि टाकी लावणारा माणूस शहरात कोठे मिळेल हे कोणाला ठाऊक नसते. दोन तास ओढून भरड निघते, पोळीचे पीठ निघत नाही. मग घरातली माळव्यात वाढलेली सून सांगते की भरडीचे बाफले, म्हणजे निखाऱ्यावर भाजायचे कणकेचे गोळे, होतात, त्यांना जाडसर पीठच लागते, आणि गोवऱ्या मिळाल्या तर गॅसही लागणार नाही. एवढ्या तपशिलात सासू-सुनेचे नाते बदलते, कारण आतापर्यंत पुण्याच्या पद्धतीचा स्वयंपाक हाच घरचा मान होता. असा तपशील ज्ञानकोशात सापडत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावा लागतो.

काय चालू राहते याचीही यादी करावी, आणि ती पहिल्या यादीइतकीच काळजीपूर्वक करावी. हातपंप चालतो. सायकल चालते. ओंकारेश्वरकडे निघालेले, नर्मदेची पायी प्रदक्षिणा करणारे परिक्रमावासी चालत राहतात, कारण त्यांचे विजेवाचून काही अडलेले नसते. जुन्या विहिरी आणि बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, उपयोगी पडतील, पण त्यांतल्या कित्येक बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या आहेत. येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शहरातल्या एका मंदिरात बावडीवरचे छत कोसळून ३६ माणसे दगावली. त्या घरांतली माणसे आपल्यातच राहतात. बावडी कथेत आणावी, पण त्या दिवसाचा उपयोग वातावरणनिर्मितीसाठी करू नये.

एक उतारा

वरील हिशोब कागदावर कसा उतरतो हे दाखवण्यासाठी एक छोटा उतारा लिहितो. स्थळ इंदूरच्या रामबाग वस्तीतले एक जुने घर, वीज गेल्याचा तिसरा दिवस.

“नळाचा दिवस होता. आजीने पहाटे साडेपाचला नळाखाली पितळेची बादली लावली आणि ती उंबऱ्यावर बसून राहिली. सहाच्या सुमारास नळातून हवा फुसफुसली, थोडे तांबूस पाणी आले आणि बादलीचा तळ झाकला जाताच थांबले. आजीने नळ बंद केला नाही.

‘आजी, आता नाही यायचं. खाली जलूदलाच लाइट नाहीये.’

‘उशीर होतो तिला कधी कधी. नर्मदामाई आहे ती, महापालिका नाही.’

नातू काही बोलला नाही. तासाभराने आजीने ती बादली फडक्याने झाकली आणि जिन्याकडे बोट दाखवले. ‘वर भाडेकऱ्यांची सून बाळंतीण आहे. हे गाळून, उकळून तिला दे. आणि तिला सांग, आपल्याकडे अजून भरपूर आहे.’”

या उताऱ्यात शहरभर काय चालले आहे याविषयी एक शब्दही नाही, तरीही जलूदचे पंप बंद आहेत हे वाचकाला कळते. आजीचे शेवटचे वाक्य खोटे आहे हे त्याने नुकतेच बादलीत पाहिलेले आहे. आता पुढे सहाव्या दिवशी हीच आजी वरच्या मजल्याकडे जाणारे दार आतून लावून घेते, असा प्रसंग लिहिला तर काय संपले ते सांगण्याची गरज उरणार नाही. म्हणून माझा आग्रह असा की कथेच्या आरंभी एक देणे-घेणे दाखवावे, म्हणजे कोण कोणाला काय देते आणि का देते, आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगात त्याच देण्या-घेण्याला थोडा थोडा ताण द्यावा.

हे तंत्र नवे नाही. महाभारताच्या मौसलपर्वात यादवकुळ आपसांत लढून नष्ट होते आणि द्वारका समुद्रात बुडते, पण त्या पर्वातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग त्यानंतरचा आहे. उरलेल्या स्त्रिया-मुलांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर वाटेत आभीर लुटारू चालून येतात, तो गांडीवाला कशीबशी प्रत्यंचा चढवतो, अस्त्रे आठवू पाहतो तर ती आठवत नाहीत, आणि कधी न सरणाऱ्या भात्यातले बाण सरतात. शेवटी तो धनुष्याच्या टोकाने लुटारूंना मारतो. शहर बुडाल्याचे दुःख आपण ऐकून घेतो. रक्षण करण्याचे वचन देणारा माणूस ते पाळू शकत नाही हे मात्र डोळ्यांसमोर घडते. आपल्या कथेतला अर्जुन कोण आणि त्याचा कोणता भाता सरणार, हे लिहायला बसण्यापूर्वी ठरवलेले असावे.

संवादांची भाषा

इंदूरच्या मराठी घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी चालते, आणि संकटकाळात माणसे फाटकाबाहेर जास्त येतात. तेव्हा टँकरवाल्याशी बोलणारा काका “भिया, दो बाल्टी तो दे दो” असेच म्हणेल. त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नये. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते समजते, भाषांतर देऊ नये. निवेदनाची मराठी मात्र स्वच्छ आणि थंड असावी. ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’, ‘अंगावर काटा आणणारे’ ही विशेषणे पहिल्या खर्ड्यात आली तर येऊ द्यावीत आणि दुसऱ्यात सगळी काढून टाकावीत.

जुन्या भीतींचा साठा

जग संपणार अशी वार्ता आल्यावर माणसे कशी वागतात, हे कल्पनेने रचण्याची गरज नाही. आपल्या शहरात आणि घराण्यांत त्याच्या आठवणी आहेत. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले तेव्हा, अष्टग्रहीमुळे प्रलय होणार या भीतीने देशभर यज्ञ आणि जपजाप्य झाले. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकी अवकाश प्रयोगशाळा कोसळणार होती, तेव्हाही गावोगाव हीच घबराट होती. अखेर तिचे अवशेष ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. ज्यांना हे आठवते अशा काकू, आत्या, मामांपाशी बसावे आणि एकच प्रश्न विचारावा, की त्या दिवशी घरात स्वयंपाक काय केला होता. ‘भीती वाटली का’ असे विचारले तर सगळे ‘छे’ म्हणतात. स्वयंपाकाचे विचारले की हळूहळू बाकीचे निघते.

प्लेगाचा काळ तर इंदूरच्या इतिहासातच आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून येथे आले, तेव्हा शहर प्लेगाने आणि त्याच्या भीतीने ग्रासलेले होते. त्यांनी १९१७ च्या दिवाळीत एक मिरवणूक काढली, ती ज्या वस्त्या अधिक स्वच्छ असतील त्यांतून जाईल असे जाहीर केले, आणि तिच्यात प्लेगाच्या राक्षसाची व उंदराची प्रतिकृती फिरवून शेवटी जाळली. अंताच्या छायेत असलेल्या शहराने उत्सव साजरा करावा, ही घटना एखाद्या कथालेखकाने रचली असती तर तिच्यावर अतिशयोक्तीचा आरोप झाला असता. राजवाड्याला लागलेल्या आगी, विशेषतः १९८४ च्या दंगलीतली आग, हाही असाच विषय आहे. तो हाताळणाऱ्याने आधी त्या दिवसांत घर सोडावे लागलेल्या शीख शेजाऱ्यांचे ऐकून घ्यावे.

याहून खूप मागे जायचे असेल तर पायाखाली पाहावे. माळव्याची काळी माती ज्या काळ्या खडकाची झाली आहे तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. डायनासोर नाहीसे झाले तो काळही हाच. शेजारच्या धार जिल्ह्यात आणि नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. एक अंत येथे होऊन गेला आहे, आणि त्यावर आपण सोयाबीन पेरतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला इंदूरहून धारपर्यंतचा बसप्रवास एवढ्यासाठी करायला हरकत नाही.

शेवट आणि तपासणी

शेवटासाठी तीन-चार गोष्टी हाताशी तयार असतात: मातीतून उगवलेला कोंब, नवजात बाळाचे रडणे, रेडिओवर अचानक ऐकू आलेला आवाज आणि हे सगळे स्वप्न होते असा उलगडा. यांतली एकही घेऊ नये. ज्या देण्या-घेण्यापासून कथा सुरू झाली त्याचा निकाल लागला की कथा संपली, मग वीज परत आली असो वा नसो. वरच्या उताऱ्याच्या कथेत तो निकाल म्हणजे आजी दार पुन्हा उघडते की नाही, आणि उघडले तर वरची सून काय म्हणते. मला विचाराल तर दार नातवाने उघडावे, आजीने पाहावे आणि सुनेने पाणी घ्यायला नकार द्यावा. पण येथे लेखकाचा स्वभाव बोलतो आणि त्यात दुसऱ्याने ढवळाढवळ करू नये.

खर्डा पुरा झाला की ती पहिली वही पुन्हा काढावी आणि कथेतला प्रत्येक दिवस तिच्याशी ताडून पाहावा. पाचव्या दिवशी कोणाचा फोन वाजला असेल तर तो कशावर चार्ज झाला आणि कोणता मनोरा चालू होता, हे आधीच्या पानांत आलेले असावे. सातव्या दिवशी चहा झाला असेल तर दूध कोठून आले आणि सिलिंडर किती उरला होता, ते पाहावे. अंधारात वाचलेली चिठ्ठी, बंद पंपावर भरलेली मोटार, आटलेल्या टाकीतून धुतलेले हात, असे काही राहून गेलेले नेहमी सापडते. सापडलेली चूक नुसती पुसू नये. चहासाठी दूध नसेल तर त्या सकाळी घरात काय झाले, असा प्रश्न त्या जागी लिहून ठेवावा आणि तेवढा प्रसंग नव्याने लिहावा.